शिडाच्या मागच्या बाजूला

पुढच्या बाजूला दीड आणा, मागच्या बाजूला दोन पैसे.
मध्ये टांगलेलं चिपकरांच्या गलबताचं शीड.
त्यावर मी पाणी मारायचो, दर रिळाला दोन कळशा,
म्हणजे चित्र आरपार झिरपायचं
आणि दोन पैसेवाल्यांनाही राणी दिसायची.

वेंगुर्ल्याच्या बंदरावर पौषातली थंडी.
सिनेमा जर्मन. मुका.
दोन जाडजूड कादंबऱ्या कापून एकीत शिवलेला, मालक सांगायचा,
म्हणून सरदाराला दोन बाप होते
आणि राजा दोनदा मरायचा.
आमची तक्रार नव्हती.
आमचा संकासुर तर दर जत्रेत मरतो.

मागून बघणाऱ्यांना सगळे डावखुरे.
डाव्या हाताने तलवार, डाव्या हाताने सलाम.
मधूनमधून अक्षरं यायची, बांगड्याच्या काट्यांसारखी,
मागून उलटी;
पण सुलट बसलेल्यांना तरी कुठे कळत होती?

घोडे बर्फातून धावले
तेव्हा आम्ही ओरडलो, शिरोड्याचं मिठागर!
मीठ नव्हे रे, बर्फ, असं भिवाने सांगितलं.
भिवा सातार्डेकर, एके काळचा संकासुर,
आता शिडाशेजारी वेताची काठी घेऊन उभा:
हा सरदार. ही त्याची. हा कपटी, मिशी बघा.
तिसऱ्या रिळात सरदाराला तुरुंगात पत्र येतं.
तो वाचतो,
आणि बराच वेळ नुसता बसतो.
पत्रात काय होतं ते भिवा रोज वेगळं सांगायचा.
सोमवारी त्याची आई वारली.
मंगळवारी कर्ज फिटलं.
बुधवारी लोकच ओरडले, "आज राणीचा येवंदे!"
आणि राणीचं आलं.

सत्यभामा गिरप रोज यायची. मागे बसायची.
तिचा नवरा जर्मन आगबोटीवर खलाशी.
सहाव्या रिळात एक बंदर होतं, धुकं, डोलकाठ्या,
पिंपं वाहणारी माणसं.
हे दोनशे वर्षांपूर्वीचं, मालक म्हणाला.
तिने ऐकलं नाही.
एकेका पाठमोऱ्याला ती निरखत राहायची.

पाचव्या रात्री, खेळ सुटल्यावर, तिने पाकीट आणलं.
वर तीच काट्यांची अक्षरं.
आत मराठी कागद, पातळ, कुणा सोबत्याने लिहिलेला.
"वाच रे भिवा, तुका त्येंची भाषा येता."

मी पलीकडून कंदील धरला.
शीड अजून ठिबकत होतं.
कागदातून उजेड आला, ओळी उलट्या उमटल्या,
आणि उलटं बघायची मला सवय झालेली.
तिसऱ्या ओळीत 'ताप' होतं.
पाचवीत 'माती'.

भिवा बराच वेळ नुसता बसला.
मग त्याने कागदावरून माझ्याकडे बघितलं;
कंदील हलला असावा.
"शिमग्याक येतलो म्हणान लिवल्यान हा," तो म्हणाला,
"आणि तुका काचेचो दिवो घेतल्यान हा."
"कसल्या रंगाचो?"
"निळो."

भिवाला अक्षर येत होतं की नव्हतं
हे मी पुढे पुष्कळांना विचारलं.
निम्मे हो म्हणाले.
मला येत होतं. मी दुसरीत होतो.

शेवटचं रीळ आमच्याकडे कधी आलंच नाही.
रेडीच्या उतारावर गाडीतून पडलं म्हणे.
सरदार होडीत बसतो, किनारा सोडतो,
तिथेच उजेड जायचा,
आणि पुढचं भिवा काळोखात बोलायचा.
सहाव्या रात्री त्याला नीट बोलता आलं नाही.
घसा धरलाय, म्हणाला.

त्या रात्री सत्यभामा पुढच्या बाजूला बसली होती,
दीड आणा मोजून.
मी कळशी घेऊन जाताना विचारलं, आज हयसर?
शिडावरची नजर न काढता ती म्हणाली,
"आमचो घोव काय डावरो नाय."

सहावं रीळ लागायच्या आधी
मी तीन कळशा मारल्या.